खिडकीतल्या दिव्यांची वाटणी

मी, क्रिस्टफ्रीडे उलिग, ख्रिस्तवासी गोटहोल्ड उलिग यांची विधवा, वय त्र्याऐंशी, धंदा कातारकाम, राहणार हिमेल्सग्रुंड, साक्सनी, जर्मनी, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. उलट ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी घाई करू नका असंच सांगितलं, आणि मी त्यांचं ऐकलेलं नाही.

आमच्या देशात सगळा मजकूर आणि सही स्वतःच्या हातची असेल तर मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. तरी शेवटी मी दोन सह्या घेणार आहे. कायद्याला नको असतील, मला हव्या आहेत.

कलम १. याआधी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात घर आमच्या चर्चच्या मंडळीला दिलं होतं आणि माझा एकुलता एक मुलगा गेर्नोट याला कायद्यानं जेवढं द्यावंच लागतं तेवढंच ठेवलं होतं. आता ज्याला हे वाचायचं आहे त्याला खरी अडचण आधीच सांगते. माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर सेम्हार, तिचा नवरा टेस्फालेम आणि त्यांची लेक फेवेन राहतात. माणसं एरिट्रियाची. आणि माझा मुलगा दर सोमवारी जिल्ह्याच्या गावी, अशा माणसांना परत पाठवा म्हणत मोर्च्यात चालतो. मी डोळे मिटले की ही माणसं रस्त्यावर येतील का, अशी एक भीती. आणि त्यांना वाचवायच्या नादात माझा मुलगा बापाच्या घराला कायमचा मुकेल का, अशी दुसरी. या दोन्हींतून वाट काढण्यासाठी हा खटाटोप.

कलम २. माझी माती गोटहोल्डशेजारी व्हावी. उपासनेत गाणी पाळकबाईंनी निवडावीत, मात्र सगळी कडवी म्हणायची. आमच्या मंडळीला दोन कडव्यांनंतर जेवणाचे वेध लागतात, ते त्या दिवशी चालणार नाही. जेवणात किसलेल्या बटाट्याचे गोळे आणि मटण असावं. कॉफी मंडळीच्या मोठ्या किटलीतली देऊ नये, तिच्यातल्या कॉफीतून कपाचा तळ दिसतो. सेम्हारला सांगावं. ती बिया समोर भाजून कॉफी करते आणि तीनदा ओतते. उठायची घाई असलेल्यांनी आलंच नाही तरी चालेल.

कलम ३. अंगणामागच्या कारखान्यातलं लेथ, सगळ्या पटाश्या, कानशी आणि माळ्यावरचं लिंडेनचं वाळलेलं लाकूड गेर्नोटला. पटाशीला धार बापासारखी लावायची, यंत्रावर नाही. गोटहोल्डनं लावलेली धार बघून मी त्याच्याशी लग्न केलं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, इथं सांगून ठेवते.

मला स्वतःला कातारी व्हायचं नव्हतं, शिक्षिका व्हायचं होतं. पण माझ्या चौदाव्या वर्षी तेव्हाच्या कम्युनिस्ट सरकारनं दृढीकरणाला, म्हणजे त्या वयात देवळात श्रद्धेची कबुली देण्याच्या विधीला, तोड म्हणून आपला एक सोहळा काढला. फुलं, भाषणं, सभागृह, आणि देवाऐवजी राज्याला वचन. मी देवळात गेले, सभागृहात गेले नाही. त्यावर वरच्या शाळेचं दार बंद झालं. मी त्याचं दुःख फार दिवस केलं नाही, कारण लाकडाला पक्ष नसतो.

कलम ४. श्री. फोल्कर नेस्टलर यांना मी अक्रोडफोड्या, जबड्यानं अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला, देत आहे. ताटाच्या कपाटावर उभा आहे तो, लाल डगला, गोल चष्मा, मोठा जबडा. चेहरा ओळखीचा वाटला तर त्यांनी दचकू नये, तो त्यांचाच आहे.

हे सविस्तर सांगायला हवं. आमच्या डोंगरात अक्रोडफोड्याला राजाचं, फौजदाराचं, अंमलदाराचं तोंड देतात, म्हणजे वर्षभर ज्यानं आपल्याला चावलं त्याच्या तोंडात नाताळात अक्रोड घालता येतो. नेस्टलर तेव्हा तरुण होते, शाळेत कम्युनिस्ट पक्षाचे चिटणीस. माझ्या गेर्नोटनंही चौदाव्या वर्षी दृढीकरण घेतलं, सोहळ्याला गेला नाही. नेस्टलरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "उलिगबाई, एकविसावं शतक दारात आलंय आणि तुम्ही पोराला मध्ययुगात बसवताय. ज्याला देव पुरतो त्याला वरची शाळा कशाला?" गोटहोल्ड उठला. घरी आला, लेथ चालू केलं आणि संध्याकाळपर्यंत हा लाल डगलेवाला उभा केला. पुढं चाळीस वर्षं त्यानं आमचे अक्रोड फोडले.

तेच नेस्टलर आता मोर्च्याच्या पुढं मोठा लाकडी क्रूस घेऊन चालतात. तो क्रूस मागायला ते माझ्याकडेच आले होते. आमचं हे बोलणं शब्दशः लिहिते.

"उलिगबाई, माणसाच्या उंचीचा क्रूस हवाय. मजबूत, पण वजनाला हलका."

"कशासाठी?"

"ख्रिस्ती संस्कृती वाचवायची आहे. आपला वारसा."

"उपासनेला शेवटचं कधी आला होतात?"

"तो मुद्दा नाही."

"तोच मुद्दा आहे. हलका क्रूस मला करता येत नाही, साहेब. मी ज्याच्याबद्दल शिकले तो जड होता."

ते घरबांधणीच्या दुकानातून दोन वासे घेऊन गेले. आमच्या डोंगरातला कुठलाही कातारी त्याला क्रूस म्हणणार नाही, सांधा खिळ्याचा आहे.

मी त्यांना क्षमा केली आहे असं इथं लिहिणार होते. तेव्हा ती तीन चतुर्थांशच झाली होती. उरलेली का करावी लागली आणि अक्रोडफोड्या देताना मी त्यांचे आभार का मानते, ते कलम सहामध्ये आहे. जबडा थोडा सैल झालाय, जपून वापरावा.

कलम ५. माझी शिल्लक मंडळीला, अंगणापलीकडच्या मंडळीच्या खोलीला शेगडी आणि इंधन यासाठी. अट एकच, त्या खोलीला आतून कडी असावी, बाहेरून कुलूप नसावं. त्याच खोलीत सेम्हार आणि टेस्फालेम पहिल्यांदा राहिले, मंडळीच्या आसऱ्याला, जिथून पोलीस सहसा कोणाला उचलत नाहीत, जोवर सरकारनं त्यांचं म्हणणं ऐकायचं ठरवलं नाही तोवर. पोलीस दारापर्यंत येऊन टोपी काढून परत गेले. त्यांच्यातल्या एकाचं दृढीकरण त्याच देवळात झालं होतं.

या निमित्तानं मंडळीला दोन शब्द, कारण मेल्यावर मला मध्येच कोणी थांबवणार नाही. आमचं गाव कसं वसलं ते आम्ही दरवर्षी साजरं करतो. बोहेमियाच्या बादशहानं आमच्या पूर्वजांना सांगितलं, धर्म बदला नाहीतर निघा. ते हिवाळ्यात डोंगर ओलांडून आले. हातात अवजारं, पाठीवर पोरं. इथल्या राजानं त्यांना राहू दिलं. गेल्या उत्सवात नेस्टलर व्यासपीठावर म्हणाले, आपले पूर्वज श्रद्धेसाठी चालत आले. टाळ्या पडल्या. मी उभी राहून विचारलं, "आणि दार कोणी उघडलं, ते पण सांगा की." बँड लगेच वाजायला लागला.

आमच्या धर्माला त्या विटनबर्गच्या संन्याशाचा, पोपशी भांडून आमचा पंथ काढणाऱ्याचा, अभिमान आहे, मलाही आहे. त्यानं बायबल जर्मनमध्ये आणून आमच्या आज्यांच्या भाषेत देवाला बोलायला लावलं. पण म्हातारपणी त्यानंच ज्यू लोकांबद्दल जे लिहिलं ते वाचून मी पुस्तक अंगणात नेऊन ठेवलं होतं, घरात ठेववेना. चारशे वर्षांनी ते शब्द कोणाच्या कामाला आले ते आपल्याला ठाऊक आहे. माझे वडील सांगायचे, नाझी सत्तेवर आले त्या वर्षी देवळात वेदीशेजारी सरकारचा झेंडा आणून लावला तेव्हा सगळी मंडळी उभी राहून गायली. फक्त ऑर्गन वाजवणारा उठून निघून गेला. वडील म्हणायचे, "आम्ही सगळे चांगले ख्रिस्ती होतो, क्रिस्टल. म्हणूनच तर कोणाला काही वाटलं नाही."

मग दुसरं राज्य आलं, कम्युनिस्टांचं. त्यानं आम्हाला वेदीजवळ बोलावलं नाही, कोपऱ्यात ढकललं. त्या कोपऱ्यात आम्ही थोडे होतो आणि थंडीत होतो, पण आमचा आवाज आमचा होता. एकोणनव्वदच्या शरदात त्याच कोपऱ्यातून लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि ते राज्य कोसळलं. गेर्नोट माझ्या शेजारी चालत होता. वाऱ्यानं मेणबत्ती विझू नये म्हणून त्यानं आपली टोपी माझ्या मेणबत्तीभोवती धरली होती, आणि टोपी जळाली.

एवढं बघून मला एक समजलं, ते ठेवून जाते. सत्ता जेव्हा आपल्या देवळाची वाहवा करू लागते तेव्हा आपला खिसा तपासावा. कोणत्याही पक्षाची सत्ता. मत कोणाला द्यावं हे मी सांगणार नाही, पाळकबाईंनीही सांगू नये. पण शेजारी कोण, हे प्रभूनं आपल्याला निवडायला दिलेलं नाही. ते आधीच ठरवून दारात उभं केलेलं असतं.

आणि गेर्नोटच्या रागाबद्दल. त्याच्या रागाला कारण आहे, ते मी मृत्युपत्रातही नाकारणार नाही. एका राज्यानं त्याची शाळा हिरावली. मग जर्मनी एक झाली, नवं राज्य आलं आणि त्यानं ज्या गिरणीच्या यंत्रांच्या कारखान्यात तो फोरमन होता तो कारखाना विकला, कुलूप लावलं, आणि त्याला पुन्हा पुन्हा नवीन काम शिकायला पाठवलं, जे काम कुठं नव्हतंच. पश्चिमेकडून आलेले साहेब त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. माझा मुलगा मूर्ख नाही, दुष्ट तर नाहीच. पण ज्या माणसानं त्याला शाळेबाहेर काढलं त्याच माणसाच्या मागं तो आता मेणबत्ती धरून चालतो, हे मला समजत नाही आणि समजून घ्यायची माझी इच्छाही नाही. माझ्या ऐंशीव्या वाढदिवसाला तो जेवणाच्या टेबलावर म्हणाला, "त्या खोलीतल्यांना गाडीत घाला आणि पाठवून द्या." मी म्हणाले, "मग उलिगांनाही त्याच गाडीत घाल, बोहेमिया जवळ आहे." तो उठला. बटाट्याचे गोळे ताटात तसेच राहिले. त्यानंतर तीन वर्षं तो आला नाही.

कलम ६. आता दिवे. पुढच्या खोलीच्या खिडकीतले लाकडी दिवे मी घराबरोबरच देत आहे, वेगळे करू नयेत.

आमच्या खाणींच्या मुलखात आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांत, खिडकीत दिवे ठेवतात. घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलासाठी हातात मेणबत्ती घेतलेला लाकडी खाणकामगार, प्रत्येक मुलीसाठी देवदूत. रस्त्यानं जाणारा दिवे मोजतो आणि त्याला कळतं, या घरात किती लेकरं आहेत. आमच्या खिडकीत इतकी वर्षं एकटा खाणकामगार उभा होता, गेर्नोटचा. तो आला नाही ती वर्षंही मी तो लावला. न लावायचा विचार माझ्या मनात आला नाही, एवढं तरी माझ्याकडून झालं.

मग सेम्हारचं कुटुंब वर राहायला आलं आणि फेवेन या घरात जन्मली. वर सुईण ओरडत होती, खाली मी पाणी तापवत होते, टेस्फालेम जिन्यात बसून त्यांच्या भाषेत स्तोत्रं म्हणत होता. त्यांची मंडळी आमच्या संन्याशापेक्षा हजारभर वर्षांनी जुनी आहे, हे मला त्या जिन्यात कळलं. मुलगी झाली. मी लेथवर बसले आणि देवदूत काढला. त्याबद्दल कोणाला विचारलं नाही. घरात जन्मलेल्या मुलीसाठी देवदूत, यात विचारायचं काय?

या महिन्याच्या सुरुवातीला दार वाजलं. गेर्नोट. केस पांढरे झालेले, काखेत कॅलेंडरांचा गठ्ठा.

"आई, हे काय आहे?"

"तीन वर्षांनी आलास आणि बूटसुद्धा पुसले नाहीस."

त्यानं बूट पुसले. मग म्हणाला, "डिसेंबर उघड."

कॅलेंडर ते मोर्चे काढणाऱ्या त्याच्या पक्षाचं होतं, पुढच्या वर्षाचं. नेस्टलरांनी वाटायला दिलेलं. डिसेंबरच्या पानावर माझी खिडकी. गेल्या वर्षीच्या बर्फात कोणीतरी रस्त्यावरून फोटो काढलेला. एक खाणकामगार, एक देवदूत, आणि खाली ठळक अक्षरं: जर्मन घर, जर्मन लेकरं. एक मुलगा, एक मुलगी. आपली ख्रिस्ती परंपरा जपणारं कुटुंब.

"मला मुलगी कधी झाली?" मी विचारलं.

"तेच विचारायला आलोय."

"ती फेवेन. वरच्यांची. या घरात जन्मली."

त्यानं ते पान डोळ्यांजवळ नेलं. मला वाटलं आता गठ्ठा आपटणार. पण त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हसला, पोटापासून, बाप हसायचा तसा. "नेस्टलरला कळलं ना, तर त्याचा क्रूस हातातून सुटेल. आई, मी हे अर्ध्या जिल्ह्यात वाटलंय!"

"मग बाकीचं अर्धं पण वाट. चित्र चांगलं आलंय."

हसणं थांबलं तेव्हा तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. म्हणाला, "गेल्या वर्षी मला नुसता देवदूत दिसला होता."

"काच अर्धी गोठली होती. पण तुला कुठून दिसला?"

"गाडीतून. दर आगमनकाळात येतो मी इथून. हळू करतो आणि बघतो, माझा लावलाय का. गेल्या वर्षी वाटलं, काढलास. माझ्या जागी दुसरं कोणी बसवलंस. काल या फोटोत बघितलं तर तो तिथंच आहे."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, त्यानंही दुसरीकडे बघितलं नाही. तीन वर्षं मी आतून खिडकी बघत होते आणि तो बाहेरून. नेस्टलरांच्या कॅलेंडरानं जे केलं ते माझ्या प्रार्थनांनी त्या वेळेत केलं नव्हतं, किंवा प्रार्थनांनीच त्या कॅलेंडराकडून करवून घेतलं असेल. म्हणून त्यांचे आभार, आणि म्हणून उरलेली एक चतुर्थांश क्षमा.

तेवढ्यात फेवेन जिन्यावरून उतरली, बसून, एकेक पायरी, आणि थेट कारखान्याच्या दाराकडे निघाली. मागून सेम्हार धावत आली आणि गेर्नोटला बघून जागीच थांबली. तो कोण ते तिला माहीत होतं. तो कुठं चालतो तेही.

गेर्नोट तिला म्हणाला, "हिला लेथजवळ येऊ देऊ नका. बोट जाईल."

सेम्हार म्हणाली, "रोज सांगते. ऐकत नाही."

"आमच्याकडे पण मी ऐकत नव्हतो," तो म्हणाला आणि दाराला कडी लावली. दोघांमधलं हे पहिलं बोलणं, मी इथं नोंदवून ठेवते.

त्यानं पक्ष सोडलेला नाही. मागच्या रविवारी जेवताना आम्ही पुन्हा कडाकडा भांडलो, टेस्फालेम मीठ मागायलाही घाबरत होता. पण या वेळी गोळे संपले. त्यानंतरच्या सोमवारी तो मोर्च्याला गेला नाही. गाडीची बॅटरी उतरली म्हणाला. मी बॅटरीची चौकशी केली नाही.

कलम ७. घर, अंगण आणि कारखाना मी माझा मुलगा गेर्नोट याला पूर्णपणे देत आहे. वरच्या मजल्यावर सेम्हार आणि टेस्फालेम यांना ते राहतील तोवर राहण्याचा हक्क देत आहे. हा हक्क घराच्या सरकारी नोंदीत चढवावा, घर विकलं तरी तो टिकावा. भाडं आज आहे तेच. वकीलबाई म्हणाल्या, "एका छताखाली अशी दोन माणसं ठेवलीत तर भांडणं होतील." होऊ देत. भांडायला एका घरात यावं लागतं. माझा सगळा अनुभव असा की माणसं दूर राहून जास्त वाईट भांडतात.

कलम ८. जे अजून जन्मलेलं नाही त्याच्याविषयी. सेम्हारला वसंतात पुन्हा बाळ होणार आहे. ही बातमी तिनं काल जेवताना सांगितली. सगळ्यांनी गेर्नोटकडे बघितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

"मुलगा की मुलगी?"

"डॉक्टर मुलगा म्हणतात," टेस्फालेम म्हणाला.

गेर्नोटनं खिडकीकडे बघितलं. मग मला म्हणाला, "बाबांचं लिंडेन माळ्यावर आहे ना अजून?"

मी हे लिहीत आहे आणि मागं कारखान्यात लेथ चालू आहे. माझ्या हाताला तो आवाज आता जमत नाही, इतका एकसारखा आवाज गोटहोल्डच्या हाताला होता. मघाशी मी मागच्या दाराच्या चौकटीला धरून हाक मारली, "काय काढतोयस रे?"

"टोपी," तो म्हणाला. "खाणकामगाराची टोपी आधी काढायची. बाबा तसंच करायचे."

म्हणून या कलमात मला कोणाला काही द्यायचं उरलेलं नाही. देवबापानं माझ्यापुढं जाऊन ते काम केलेलं आहे. मी फक्त एवढं लिहिते की नवा दिवा खिडकीत इतरांच्या शेजारी लागेल, मागं नाही.

हे सगळं मी माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं लिहिलं. उद्या आगमनाचा पहिला रविवार आहे, दिवे मीच पेटवणार आहे, त्यामुळे कोणी एवढ्यात रडायला येऊ नये. खाणवाल्यांच्या रीतीनं सगळ्यांना ग्ल्युक आउफ. वर या, सुखरूप या.

क्रिस्टफ्रीडे उलिग
हिमेल्सग्रुंड, ३० नोव्हेंबर २०२४

साक्षीदार पहिली: गुद्रुन थील, पाळक. समोर बसून वाचलं. किटलीबद्दलचा मजकूर मंडळीच्या सभेत मांडते.

साक्षीदार दुसरा: गेर्नोट उलिग, मुलगा. कलम पाचमधलं माझ्याबद्दलचं सगळं मला मान्य नाही, त्यावर आईशी भांडण चालू राहील. बाकी वाचलं आणि मान्य आहे. खिडकीची फळी दोन दिव्यांपुरतीच आहे. उन्हाळ्याच्या आत ती मी रुंद करून देतो.